बस धरणारी जोडी

आमच्या घरी कंपनीकडून मिळालेलं एक घड्याळ आहे. वर्षभर एकही लेटमार्क न पडलेल्या कामगाराला ते देतात. माझ्या हातात ते दिलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. पण घड्याळ घरात कुठं टांगलेलं नाही. ते गोठ्यात आहे, गव्हाणीच्या वर. आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "ज्यांनी कमावलं त्यांच्यासमोर टांगायचं." कमावलं होतं बैलांनी. यात मला अपमान वाटायला पाहिजे होता, पण खोटं कशाला बोलू, गोष्ट खरी होती.

माझं नाव मी सांगणार नाही. कंपनीत अजून काही भोळ्या लोकांना वाटतं की मी शिस्तीचा माणूस आहे. बैलांची नावं सांगायला तर आण्णांची सक्त मनाई आहे, नजर लागते म्हणतात. चारचौघांत ते त्यांना डावा आणि उजवा असंच म्हणतात, कारण छकड्याला जुंपताना एक कायम डावीकडं आणि एक कायम उजवीकडं. आपणही तेच चालवू.

आमचं गाव शेंद्रा आणि करमाडच्या मधे, जालना रोडपासून किलोमीटरभर आत. जमीन अर्धी औद्योगिक वसाहतीत गेली. उरलेल्या अर्ध्यात कापूस आणि तूर, आणि घरातला एक माणूस कंपनीत. तो माणूस मी. आण्णांचा जीव मात्र ना कापसात ना माझ्या नोकरीत. त्यांचा जीव पटात. आमच्याकडं बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, बोलताना नुसतं पट. हलका छकडा, दोन बैल, वर एक हाकणारा, त्याला धुरकरी म्हणायचं, आणि समोर सरळ धावपट्टी. एका वेळी एकच जोडी सुटते आणि घड्याळावर निकाल लागतो. तेवढ्या काही सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैल पोसतात आणि बायकोच्या शिव्या खातात.

मधे बरीच वर्षं कोर्टाची बंदी होती. बंदी आली तेव्हा आण्णांची जुनी जोडी ऐन भरात होती. ती गोठ्यात उभ्याउभ्या म्हातारी झाली आणि एकामागोमाग गेली. आण्णा पुढं कितीतरी दिवस गोठ्याच्या बाजूनं जायचं टाळायचे, लांबून वळसा घालून विहिरीवर जायचे. बंदी उठली त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. लोकांना वाटलं मला मुलगा झाला. माझं तर लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

डावा आणि उजवा आमच्याच गायींचे. त्यांना वाढवलं आण्णांनी असं आण्णा सांगतात. खरं सांगायचं तर वाढवलं मायनं. पहाटे उठून सरकी भिजवणं, कणकेचे गोळे, दूध, अंडी, शेणघाण, धुणं, पुसणं, सगळं माझी आई करायची आणि आण्णा बाजूला उभं राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. मायचं एक वाक्य ठरलेलं होतं, "माह्या बाळंतपणात मला एवढी अंडी दावली असती ना कुणी, तर पोरगं असं झोपाळू निपजलं नसतं." म्हणजे एका दगडात आण्णा आणि मी, दोन्ही.

झोपाळू मात्र मी आहे, त्यात वाद नाही. कंपनीची पहिल्या पाळीची बस सकाळी सव्वासहाला फाट्यावर यायची. मी गजर लावायचो पावणेपाचचा, पाचचा, सव्वापाचचा. तिन्ही गजरांना पूर्ण घर उठायचं, शेजारचे उठायचे, मी सोडून. मग एका पायात बूट घालून किलोमीटरभर पळत सुटायचो आणि फाट्यावर पोचलो की बसचा लाल दिवा शेंद्र्याच्या दिशेनं जाताना दिसायचा. एका आठवड्यात तीनदा असं झालं. सुपरवायझर म्हणाला, "अजून एकदा झालं तर घरीच झोप."

त्याच सुमाराला आण्णांचंही अडलं होतं. जोडीला पळवायला जागा नव्हती. पूर्वी ज्या माळावर सराव चालायचा तिथं आता एका कारखान्याची भिंत आहे आणि भिंतीच्या आत पार्किंग. सरळ, मोकळा, काट्याकुट्याचा नसलेला असा गावात एकच रस्ता उरला होता, घरापासून फाट्यापर्यंतचा. आणि तोही सकाळीच मोकळा, एकदा ट्रॅक्टर आणि शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या की संपलं.

एका सकाळी मी नेहमीसारखा एका बुटात बाहेर आलो तर अंगणात छकडा जुंपून उभा. आण्णा कासरा धरून म्हणाले, "बस वर. तुही बसबी गावंल अन् माह्या जोडीचा सरावबी व्हईल."

मी छकड्यात उडी मारली तोच दारातून माय ओरडली, "आरं, डबा ऱ्हायला!" आणि पळत येऊन तिनं डबा माझ्या मांडीवर आदळला. आण्णांनी कासरा सैल सोडला आणि बैल जे सुटले, माझी तर बोबडी वळली. हातातला दुसरा बूट कुठं पडला ते आजवर कळलं नाही. फाट्यावर पोचलो तेव्हा बस यायची होती. मी आयुष्यात पहिल्यांदा बसची वाट पाहिली.

त्यानंतर रोज हेच. आण्णा छकडा जुंपणार, मी उडी मारणार, माय ओरडणार, बैल सुटणार. डबा माझा रोज राहायचाच. ती माझी सवय नव्हती, तो माझा स्वभाव होता. महिनाभरात बैल डबा येईपर्यंत थांबेनासे झाले. मायची हाक कानावर पडली की सुटायचेच, डबा मागून हवेतून यायचा आणि मी तो झेलायचो. आण्णांना कासरा हलवायचीसुद्धा गरज उरली नाही. चाबूक तर आण्णांनी कधी हातात धरला नव्हता. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायचे, "लोकं मारून पळवतेत. मह्या जोडीला नुसतं वातावरण लागतं."

फाट्यावर बैल बसच्या दारापाशी येऊन गपकन थांबायचे. एक वीतभर इकडं नाही, तिकडं नाही. मी उतरून थेट पायरीवर पाय ठेवायचो. बसचा ड्रायव्हर करमाडचा, वयानं मोठा, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात त्यानं बैलांना जिंकून घेतलं, किंवा त्यांनी त्याला. रोज तो खिडकीतून दोन बिस्किटं काढून द्यायचा आणि म्हणायचा, "इनकू बी कार्ड पंच करने देव." आतले कामगार खिडक्यांना नाकं लावून बसायचे. आम्ही आधी येतो की बस, यावर चहाच्या पैजा लागायच्या.

पाळी बदलली की बैलांचं एक-दोन दिवस बिघडायचं. मग दुपारच्या पाळीची वेळही त्यांच्या अंगवळणी पडली. सकाळ असो, दुपार असो, मायची हाक आली की बस धरायची, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. कळलं नव्हतं ते साप्ताहिक सुट्टीचं. एका सुट्टीच्या दिवशी मी गाढ झोपलेलो, आण्णा जोडीला जुंपून ठेवून तोंड धुवायला गेलेले, आणि माय कोपऱ्यावरून शाळेला निघालेल्या शेजारच्या पोराला बघून सवयीनं ओरडली, "आरं, डबा ऱ्हायला तुहा!" झालं. दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. चाचा.

"भाई, तुम्हारे बैलां आ गये. तुम किधर?"

"चाचा, आज माझी सुट्टी आहे."

"तो इनकू बताना था ना!" चाचा म्हणाला आणि रागानं फोन ठेवला. बैल बसच्या दाराशी उभे होते आणि हलत नव्हते. बस निघेना. शेवटी मला चादर गुंडाळून फाट्यापर्यंत पळत जावं लागलं, बसमध्ये एक पाय ठेवून उतरावं लागलं, तेव्हा ते घरी यायला तयार झाले.

असं वर्ष भरलं आणि मला घड्याळ मिळालं. आणि आण्णांना वाटत होतं की आपली जोडी पटासाठी तयार झाली. पळण्यात खोट नव्हतीच, वाऱ्यासारखी पळायची. फक्त ती कशासाठी पळते हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही. बैल धन्याच्या इज्जतीसाठी पळतो असं आण्णा मानायचे. आमचे बैल माझा लेटमार्क वाचवण्यासाठी पळत होते.

त्या हिवाळ्यात सोयगावहून मामा आला. मायचा धाकटा भाऊ, तिकडं त्याची शेती. त्याचा एक बैल साप चावून गेला होता आणि उन्हाळी नांगरटीला त्याला जोडी पाहिजे होती. जेवताना त्यानं सहज म्हटलं, "आक्का, तुमचे बैल बसून खातेत, मला दिले तर कामाला तरी येतील."

आण्णांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मायनं मात्र तवा उतरवला आणि पदराला हात पुसत आण्णांसमोर येऊन बसली. तिचे गुडघे तेव्हा फार दुखायचे, बसताना ती जमिनीला हात टेकायची. म्हणाली, "अवो, आता मह्यानं व्हत नाय. दोन वर्सं झाली, मी माहेराला एक मुक्काम केला नाय या दोघांपायी. एक पट करा. पळाली तर ऱ्हातील, मी एक शब्द बोलणार नाय. नाय पळाली तर भाऊ घेऊन जाईल."

"पळणार नाय तर काय?" आण्णा म्हणाले. "घे, शब्द दिला." त्यांनी भाकरीवर हात ठेवला. आमच्यात भाकरीवर हात ठेवला म्हणजे मग कोर्टात जायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी छकड्यातून फाट्याकडं जाताना आण्णा अचानक मला म्हणाले, "मागची जोडी मह्या डोळ्यासमोर हुभ्या हुभ्या गेली. ही बी गेली तर मी गोठ्यात जाऊन करू काय?"  मी मांडीवरच्या डब्याचं फडकं पुन्हा घट्ट बांधत राहिलो.

पट ठरला करमाडच्या पुढच्या एका गावात, हरभरा निघालेल्या रानात. आता पूर्वीसारखं नाही की बैल नेले आणि सोडले. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, बैलांचे फोटो लागतात, मारणार नाही, शेपूट पिरगाळणार नाही, टोचणार नाही असं लिहून द्यावं लागतं. आण्णांनी करमाडच्या फोटोवाल्याला घरी बोलावलं. तो लग्नाचे फोटो काढणारा. त्यानं सवयीनं डाव्याला म्हटलं, "थोडं हसा." फोटोच्या मागं पडदा म्हणून मायची चांगली साडी धरली होती. डाव्यानं ती चघळली. मायनं भाकरीवरच्या शब्दाची आठवण करून दिली.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं दोघांना तपासलं, छातीला नळी लावली, खूर पाहिले. म्हणाला, "तब्येत एक नंबर. गर्दीला, आवाजाला बुजतात का?"

"रोज साठ माणसांच्या बसला सोडायला जातेत," आण्णा म्हणाले. डॉक्टरनं चष्मा सारखा केला आणि सही केली.

पटाच्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. आमचा नंबर अकराला होता, म्हणून मी कंपनीचे कपडे घालून, पाठीला बॅग लावूनच गेलो. पट पाहायचा आणि तिथूनच रोडवर जाऊन बस धरायची असा हिशेब. मायही आली. पटाला बायका फारशा येत नाहीत, पण ती म्हणाली, "शब्द मह्यासमोर दिलाय, निकाल बी मह्यासमोर लागू द्या." मामा सोयगावहून येऊन धावपट्टीच्या कडेला बांधलेल्या दोराजवळ उभा होता. त्यानं येतानाच दोन नवी दावी आणली होती. आण्णांनी ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

अकराचा नंबर पाऊण वाजता आला, कारण पाहुण्यांची भाषणं. प्रत्येक पाहुण्यानं बैल हा शेतकऱ्याचा लेक आहे असं सांगितलं आणि गाडीच्या एसीत जाऊन बसला. धावपट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटाला यंत्राचा एकेक डोळा बसवला होता. बैलांनी पहिला डोळा ओलांडला की घड्याळ सुरू, दुसरा ओलांडला की बंद. निशाण पडल्यावर पाच मिनिटांत जोडी सुटली नाही तर बाद. आण्णांनी शेजारच्या गावचा धुरकरी ठरवला होता, अंगानं तुरकाटी, वजन कमी म्हणून. तो छकड्यावर चढला. आण्णांनी डाव्याच्या कानात काहीतरी सांगितलं, उजव्याच्या कानात सांगितलं, आणि बाजूला झाले. निशाण पडलं.

बैल उभे.

धुरकऱ्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. बैल उभे. त्यानं "हुर्र" केलं, कासरा हलवला, आईबापांची आठवण काढली. उजव्यानं शांतपणे रवंथ सुरू केला. माइकवर बोलणारा एक खट्याळ माणूस होता, त्याला तर पर्वणीच. "मंडळी, जोडी विचारात पडलेली आहे! गडबड करू नका, बैलांचं ध्यान लागलंय!" सगळं रान हसत होतं. कुणीतरी ओरडलं, "आण्णा, स्टार्टर मारा!" दुसरा म्हणाला, "धक्का द्या, धक्का!"

आण्णा दोराला धरून उभे होते. ते हसणाऱ्यांकडं पाहत नव्हते, बैलांकडंही पाहत नव्हते. खाली मातीकडं पाहत होते. त्यांची टोपी हातात होती आणि ते तिची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. मला लाज वाटत होती, बैलांचा राग येत होता, हसणाऱ्यांचा त्याहून जास्त, आणि आण्णांच्या त्या टोपीकडं पाहवत नव्हतं. चार मिनिटं झाली. धुरकरी वैतागून खाली उतरला आणि जू कुठं टोचतंय का ते वाकून बघायला लागला. माझीही बसची वेळ झाली होती. खरं म्हणजे अजून थोडा वेळ होता, पण मी ते निमित्त केलं. उरलेलं एक मिनिट तिथं उभं राहायची माझ्यात हिंमत नव्हती. मी गर्दीतून वाट काढून रोडकडं चालू लागलो.

माय माझ्याच बाजूला होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेला माझा डबा होता. तिनं मला जाताना पाहिलं, माझ्या पाठीवरची रिकामी बॅग पाहिली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"आरं, डबा ऱ्हायला!"

मायची हाक साधी नाही. गावाच्या या टोकाला दिली तर त्या टोकाची कुत्री उठतात. माइकवाल्याचा आवाज त्याखाली दबला. आणि बैल सुटले.

मी वळून पाहिलं तोवर ते अर्ध्यात होते. छकडा मोकळा, धुरकरी मागं पट्टीवर पालथा पडलेला, मग उठून एका चपलेनं मागं पळणारा. आमच्या रस्त्यावर रोज त्यांना पळताना पाहिलं होतं, पण ते छकड्यात बसून, डोळे मिटून. समोरून कधी पाहिलं नव्हतं. माना लांब, चारी खूर जमिनीला लागतात की नाही कळत नव्हतं. हसणारी माणसं टाचा उंचावून बघायला लागली. त्यांनी दुसरा डोळा ओलांडला, फळ्यावर आकडा लागला, आणि मग जो गलका उठला तो विचारू नका. सकाळपासूनच्या सगळ्या जोड्यांत तो आकडा सगळ्यात कमी होता.

पण आमचे बैल थांबले नाहीत. त्यांना आकड्याशी काय देणंघेणं? ते पट्टी संपल्यावर तसेच पुढं गेले, लोक बाजूला झाले, आणि रानाच्या कडेला एक पिवळी बस उभी होती तिच्या दाराशी जाऊन गपकन थांबले. पाहुण्यांच्या स्वागताला लेझीम खेळायला आणलेल्या शाळेच्या पोरींची बस. आत ड्रायव्हर झोपला होता. तो दचकून उठला, बाहेर दोन बैल बघितले आणि काही न सुचून त्यानं दार उघडलं.

बैल तिथं उभे राहिले. मी चढण्याची वाट बघत. उजव्यानं तर मान वळवून मागं पाहिलं, हा अजून का येत नाही म्हणून. मला हसू आलं. माझ्यासाठी इतक्या मनापासून कुणी कधी थांबलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर पळत गेलो, त्या शाळेच्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि उतरलो. मग ते वळले. माझी खरी बस तेवढ्यात चुकली. घड्याळ मिळाल्यानंतरची ती पहिली चुकलेली बस.

पंचांनी जोडी बाद केली. कारणं दोन, धुरकरी छकड्यावर नव्हता आणि जोडी बाहेरच्या आवाजावर सुटली. एका जोडीला फेरी एकच. गावातले दोघेतिघे पंचांशी भांडायला पुढं झाले, पण आण्णांनीच त्यांना मागं ओढलं. "नियम हाय तो हाय," म्हणाले. माइकवाला म्हणाला, "मंडळी, आजची सगळ्यात वेगवान जोडी, वहिनींच्या डब्याची!" लोक परत हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं, काही जण येऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवून गेले. आण्णांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "माय, पळाली तर खरी जोडी. सगळ्यांत जोरात पळाली."

माय चुलीकडं तोंड करून म्हणाली, "मी कोण सांगणार? मी नसते वरडले तर बाद बी झाली नसती."

"तू नसतीस वरडली तर हुभ्या हुभ्या बाद झाली असती," मी म्हणालो.

"मंग तेच झालं की," आण्णा बाहेरून म्हणाले. "पळाली नाय अन् पळाली, दोन्ही सारखंच. बाद म्हंजी बाद. भाकरीवर हात ठेवून दिलेला शब्द हाय. परवाच्याला गाडी घेऊन ये रे," हे मामाला.  आयुष्यात पहिल्यांदा माय आण्णांशी भांडणात जिंकली होती आणि तिच्या तोंडावर त्याचं काही दिसत नव्हतं. दोन दिवस तिनं सरकी भिजवली, कणकेचे गोळे केले, फक्त बाळंतपणातल्या अंड्यांचं वाक्य एकदाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा पिकअप घेऊन आला. तेव्हा माझी पहिली पाळी सुरू झाली होती. आण्णांनी बैलांना स्वतः धुतलं, गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खुंटीला लावल्या. अंगणात छकडा होता पण जुंपलेला नव्हता. मी त्या दिवशी गजराच्या आधी उठलो होतो, दोन्ही बूट घालून तयार होतो, कारण आता चालत जायचं होतं. मायनं आतून येऊन डबा माझ्या हातात दिला, मी तो बॅगेत घातला, चेन लावली, बॅग पाठीला अडकवली. डबा गरम होता, पाठीला चटका बसत होता.

मामानं नवी दावी बांधली. गाडीला फळी लावली. डावा फळीवर दोन पाय ठेवून थांबला आणि गोठ्यातल्या घड्याळाकडं पाहायला लागला. त्याला घड्याळ कळत होतं असं मी म्हणणार नाही, पण सहा वाजून गेले होते आणि त्याला वेळ कळत होती. आण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून "चल बाबा, चल" म्हणत होते. म्हणता म्हणता त्यांचा आवाज फुटला. मी आण्णांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. ते भिंतीकडं वळले आणि टोपीनं तोंड झाकलं.

माय दारात उभी होती. तिनं आण्णांकडं पाहिलं. मग माझ्या पाठीवरच्या बॅगेकडं पाहिलं, जिच्यात तिनंच पाच मिनिटांपूर्वी दिलेला डबा होता. मग पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली,

"आरं, डबा ऱ्हायला!"

डाव्यानं फळी उडवली. उजव्यानं मामाला दाव्यासकट चार पावलं ओढलं, मग दावं सुटलं आणि मामा शेणात बसला. दोघं अंगणातून रस्त्याला लागले आणि फाट्याच्या दिशेनं दिसेनासे झाले.

"आक्का!" मामा ओरडला. "डबा तर त्यानं घेतलाय की!"

"घेतलाय व्हय?" माय म्हणाली. "मला वाटलं ऱ्हायला." आणि कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहत राहिली. मामानं तिच्याकडं पाहिलं, आण्णांकडं पाहिलं, आणि नवी दावी गुंडाळायला लागला. सोयगावची माणसं समजूतदार असतात. माय त्याला म्हणाली, "च्या पिऊन जा. अन् गाडी मोकळी नेऊ नको, शेणखत भरून ने, लई साठलंय."

आण्णा भिंतीकडून वळले होते. त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "आगं पण शब्द दिला व्हता मी," एवढंच म्हणाले.

"शब्द मला दिला व्हता ना? मग तो म्या परत केला," माय म्हणाली. "पण उद्यापासून शेण तुमी काढायचं."

माझा फोन वाजला. मी उचलायच्या आधीच मायनं मला फाट्याकडं ढकललं आणि म्हणाली, "पळ, पळ. ते दोघं हुभे असतील."